परतीची हवा

ऑगस्टात अजमानच्या जुर्फमध्ये
शेडच्या पत्र्याला हात लागला तर कातडी चिकटते.
आत मात्र काचेपलीकडे चाळीस यंत्रं,
हिरवे दिवे, पंख्यांची घोंघों,
आणि केसकरसाहेब पाहुण्यांना सांगत होते
की ही खाण आहे. कुदळ नाही, धूळ नाही,
तुम्ही डबल ड्यूटी करून झोपलात
तरी तुमचं यंत्र इथं नाणं खोदत राहतं.
"अरबाला नऊ हजार. आपल्या माणसाला सहा."
हे मराठीत.
त्या शेडमध्ये मराठी ऐकली
की हात आपसूक खिशाकडे जातो.

मी शिडीवर होतो.
दोन टनांचे दोन एसी बसवायला बोलावलेलं.

आता हे माझं खातं, म्हणून सांगतो.
असलं एक यंत्र खरंच राबलं
तर तीन इस्त्र्या पेटवून ठेवल्यासारखं तापतं.
चाळीस राबली तर जवळपास चाळीस टन लागतात,
छतभर डक्ट लागतो,
आणि माणूस तरीही बनियनवर येतो.
इथं माझ्या दोन एसींनी
वीस मिनिटांत हात झटकले.
कॉम्प्रेसर टक् करून थांबला.
परतीच्या हवेला थर्मामीटर धरला: अठरा.

शिडी हलवायच्या निमित्तानं मागं गेलो,
एका यंत्राच्या पाठीशी तळहात नेला.
पंखा जोरात फुंकत होता.
गार.

काम करणारं काहीही तापतं.
बैल तापतो, मोटर तापते,
गवंड्याची मान दुपारी शिवता येत नाही.
जे तापत नाही ते राबत नाही,
हे मला चौदाव्या वर्षी चिपळूणच्या एका गॅरेजात कळलेलं,
कुणी शिकवलं नव्हतं.

रिपोर्टच्या कागदावर रकाना होता: शेरा.
मी लिहिलं, थंडावा समाधानकारक.
खोटं नव्हतंच ते.
खाली सही, आ. घवाळी.
साहेबांनी दोनशे दिरहम वर दिले,
दारावर चिकटवायला माझ्याच कंपनीचा स्टिकर मागितला,
आणि त्यावरही सही घेतली.

अकरा दिवस मी खोलीवर काही बोललो नाही.
करक चहा प्यालो, खुबूस आणला,
दोनशेपैकी दीडशे घरी पाठवले.

रजब परकार, माझ्या खालच्या बंकवरचा,
बावीस वर्षं क्रेनच्या काचेच्या डब्यात बसलेला माणूस.
त्या महिन्यात त्याचा हिशेब झाला होता.
बाराव्या दिवशी रात्री ताट पुढ्यात घेऊन म्हणाला,
"तीन घेतली. अठरा हजार.
मनात धाकधूक होती रे, पण दारावर
तुझी सही बघितली. म्हटलं, घवाळीनं तपासलंय."

मी पाणी प्यालो.
मग अजून एक ग्लास प्यालो.

सकाळी गेलो तर शटर खाली.
पोलिसांनी उघडलं तेव्हा कळलं,
पेट्यांत पंखा, दिव्यांची एक पट्टी,
आणि वजन यावं म्हणून फुटपाथची एकेक फरशी.
फरशी तेवढी अस्सल होती.
केसकर कुठल्या विमानानं गेला
यावर रांगेत पाच मतं होती, पाच भाषांत.
दारावरचा स्टिकर मी नखानं खरवडला.
निम्मा निघाला. नाव निघालं, सही राहिली.

जप्ती उठल्यावर तीनातलं एक यंत्र रजबला मिळालं.
त्यानं ते खोलीत आणलं, फरशी काढून दाराला अडसर लावली,
आणि पंखा चालू आहे तर वाया कशाला म्हणून
बंकच्या पायथ्याशी ठेवलं.
ओले मोजे त्यावर रात्रीत वाळतात.

मला त्यानं एकदाही विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही की मला ठाऊक होतं.
फक्त दिवा मालवायच्या आधी तो रोज म्हणतो,
"घवाळी, बघ जरा, तापलीय का?"
थट्टेत म्हणतो, की थट्टेत नाही,
अंधारात त्याचं तोंड दिसत नाही.
आणि मी वरून वाकून
हात धरतो.