दोन हजार नंबर

कुपवाड एमआयडीसीत, शेवटच्या गल्लीच्या टोकाला
पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल.
टेबलावर टब, टबात पाणी, पाण्यात दोन थेंब साबण,
आणि पॉलिश पेपर भिजत घातलेले,
हरभरे घालावेत तसे, आदल्या रात्री.

बाळगोंडा मिस्त्रींनी मला ठेवून घेतलं तेव्हा म्हणाले,
"भांडी घासायचा हात आहे, जमेल."
नाही जमलं.
भांड्याचं कालचं खरकटं काढलं की झालं.
इथे काढायचा तो आधीच्या पेपरचा ओरखडा,
म्हणजे माझाच,
अर्ध्या तासापूर्वीचा.
चारशे नंबरने उभं घासायचं, आठशेने आडवं.
आडव्यात एक जरी उभी रेघ उरली
तर परत मागे.
कुणी बघत नसतं.
तरी मागे.

अॅल्युमिनियम पांढरं, पण त्याचं पाणी काळं.
कोपरापर्यंत चढतं, नखांत मुक्कामाला राहतं.
घरी थापलेल्या पहिल्या दोन भाकरी
मी माझ्याच ताटात घेते.

मग विट्याचे पोपटशेठ आले.
तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळतात,
जत्रेला गावी आलेले.
पिशवीत टॉवेल, टॉवेलात जुन्या जीपचं टॅपेट कव्हर,
लहान मूल आणावं तसं आणलेलं.
"ह्यात मिशी दिसली पायजे," म्हणाले.
"मिशी हाय कुठं यास्नी," शैनाज
पेपर दुमडता दुमडता पुटपुटली,
आणि आम्ही दोघी टबात बघत राहिलो.

दोन दिवस नुसती ओतकामाची खरबरीत कातडी.
तिसऱ्या दिवशी, बाराशेवर,
एक छिद्र.
सुईच्या टोकाएवढं.
घासलं. मोठं झालं.
अजून घासलं. शेजारी दुसरं उघडलं.
मिस्त्री चष्मा कपाळावर सारून वाकले.
"थांब, राजमती.
ओतताना हवा अडकलीय आत.
घासून ती जात नाही,
घासून ती सापडते."

लांबी भरू म्हणाले, वर चंदेरी रंगाचा ठिपका.
मी हो म्हटलं
आणि दोन हजार नंबरचा पेपर घेतला.
छिद्राच्या कडेकडेने,
फोडाभोवती मलम लावताना फिरतं
तसं बोट फिरवत राहिले.
संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी लांबीचा डबा काढला नाही,
मीही आठवण केली नाही.

बफ मिस्त्रींचा. साडीवाल्यांनी लांब उभं राहायचं,
पदर खोचून वर नवऱ्याचा शर्ट घातलेला असला तरी.
कापडी चाक घोंघावलं, तपकिरी साबणाचा वास सुटला,
मग पांढरा साबण,
मग मैदा भुरभुरून मऊ फडकं.
आणि त्यात एकदम
ट्यूबलाइट, पत्र्याची पन्हाळ, शैनाजची हिरवी बांगडी,
मी.
छिद्र माझ्या हनुवटीवर होतं.
सरकले तर गालावर आलं.
अजून सरकले, तर घामाने टिकली निघाली होती
तिथे जाऊन बसलं.

रविवारी पोपटशेठनी ते दाराच्या उजेडात धरलं.
मिस्त्री सांगायला लागले, तसा त्यांनी हात वर केला.
छिद्रावर नख टेकवलं.
"हवा हाय. सोन्यात बी राहती.
आमी मग वितळवून परत ओततो."
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"आता ह्याला कोण ओतणार," म्हणाले,
आणि आपल्या सफाचट ओठावरून बोट फिरवून
शंभर रुपये कमी दिले.
छिद्राचे.

मी सहाआसनीत बसले, दाराकडेला.
भारत सूतगिरणीच्या चौकात
एक लांबलचक पांढरी गाडी शेजारी थांबली,
चाकं अशी लखलखीत की माणसं वळून बघत होती.
मीही वाकून बघितलं.
उभ्या रेघा.
कुणीतरी चारशेवरच सोडलंय.