सध्या

सध्या काय पितेयस, असं विचारत
उपेंद्र सतरंजी झटकतो.
वारज्याची गच्ची, पाण्याच्या दोन टाक्यांमधली जागा,
खाली बायपासवर ट्रक गिअर बदलतायत.
आमच्यात नमस्कार म्हणजे हाच.

रुस्तमची काळी.
जव त्यानं रविवार पेठेत
फुटाण्यांच्या भट्टीवर भाजून घेतले.
भट्टीवाल्यानं तीनदा विचारलं, खारे करू का?
घोटाच्या शेवटी अजून हरभऱ्याचा वास येतो
आणि रुस्तम म्हणतो, तो मुद्दाम ठेवलाय.

दिलशादची कोकमाची,
इतकी आंबट की डावा डोळा आपोआप मिटतो.
उपेंद्रची नाचणीची. तिच्याबद्दल
आम्ही चांगलंच बोलतो,
गच्ची त्याची आहे.

निरंजनकडे या खेपेला काही नाही.
फ्रीजरमधली हॉप्सची पुडी सासूबाईंनी
कसुरी मेथी समजून बटाट्यात घातली.
सासऱ्यांनी वाटी संपवली, पुसली,
म्हणाले, आज जरा औषधी झालीय.
म्हणून तो विकतची घेऊन आलाय, वर्तमानपत्रात गुंडाळून,
देवघरात चपला घालून आल्यासारखा.

माझी बादली न्हाणीघरात असते. दारावर पाटी:
आत काम चालू आहे. डोकावू नये.
झाकण उघडून वास घेणाऱ्याचा
पुढच्या वेळी विचार केला जाणार नाही.
घरात दुसरं कोणी नाही. पाटी माझ्यासाठीच.
रात्री दिवा मालवला की नळीतून
एक बुडबुडा, मग बराच वेळ काही नाही,
मग एक.

पण सध्या हा शब्द आमच्या उद्योगात खोटा.
आज ग्लासात आहे ते फेब्रुवारीतलं.
तेव्हा रुस्तमचा गुडघा धड होता,
दिलशाद बँकेत होती, रजा टाकून
कोकमं भिजवत होती.
एका गुरुवारी वीज गेली, फ्रिज सहा तास बंद,
तो गुरुवारही यात आहे कुठेतरी,
पिकल्या केळ्याचा वास होऊन.
पितो ते जुनंच. फेस तेवढा ताजा.

माझी बाटली फिरते. लेबल नाही,
झाकणावर मार्करनं तारीख.
गोड आहे गं, रुस्तम म्हणतो.
दिलशाद दिव्यासमोर धरते,
कडू कमी पडलंय. दुसरे हॉप्स घातलेस ना?

नाही घातले.
चाळिसाव्या मिनिटाला फोन वाजला.
सहा वर्षांनी भावाचा नंबर.
चुकून लागला, म्हणाला,
आणि ठेवला नाही.
आईचं मोठं पातेलं मी उचलून नेलं
म्हणून आमचं बोलणं बंद झालं होतं. म्हणजे
पातेलं निमित्त.
काय करतेयस, त्यानं विचारलं.
काही नाही, पाणी तापवतेय.
त्याच पातेल्यात डाव फिरवत,
फोन खांद्यात दाबून,
त्याच्या मुलीची उंची, त्याची शुगर,
चिंचवडच्या घराची गळती ऐकत राहिले.
पुडी मुठीतच राहिली, घामानं ओली.
फोन संपला तेव्हा गॅसही संपत आला होता.

विसरले, मी दिलशादला सांगते.
वहीत लिहून ठेव, उपेंद्र म्हणतो,
परत व्हायला नको.
रुस्तम काही म्हणत नाही, रिकामा ग्लास पुढे करतो.
मी सावकाश ओतते, गाळ तळाशी ठेवून.
निरंजन स्वतःची विकतची बाजूला सारून
माझीच मागतो, आणि त्यालाही गोडच लागते.

पातेलं त्यानं अजून मागितलेलं नाही.
मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो म्हणालाय.
तोवर अजून एक उकळी निघेल.