छाट

मल्लेशम चेकर उजव्या हातानं मोजायचा
आणि डाव्यानं विसरायचा.

अशोक चौकामागच्या गल्लीत, विडीच्या ब्रँचवर
सकाळी नऊला सुपांची रांग.
अक्काच्या हजारातून दीड-दोनशे तो बाजूला सारायचा:
ही ढिली. ही वाकडी. हिचं तोंड मुडपलं नाही.
छाट.
छाटीतली विडी कुणी फेकताना मी पाहिलं नाही.
तीही भट्टीला जायची, त्याच धाग्यात, त्याच लेबलाखाली,
फक्त अक्काच्या पुस्तकात चढायची नाही.

पानं द्यायचा सातशेची, मागायचा हजार.
तुटीची पानं कोपऱ्यावर विकत मिळायची,
दुकान मल्लेशमच्या मेव्हण्याचं.

मी पायरीवर बसून पाढे म्हणायचो. नऊ वर्षांचा.

आता मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो.
एप्रिलात पंखा गरम हवाच फिरवतो, शेजारच्या शेडात माग खडखडतात,
त्या आवाजावर आवाज चढवून सांगतो,
आगीभोवती वीस-तीस माणसं होती तेव्हा
लबाडीला लपायला जागा नव्हती.
ज्यानं मांसाचा मोठा तुकडा उचलला
त्याची अशी चेष्टा व्हायची की घास उतरत नसे.
मग धान्य उरायला लागलं.
उरलेल्याला कोठार आलं, कोठाराला दार,
दाराशी एक माणूस, त्याच्या हातात माप.
लबाडी होतीच अंगात, तिला बसायला गादी मिळाली, इतकंच.

मागच्या बाकावरची स्रुजना येमूल उठते.
तिची आई अजून वळते, बोटांवरून कळतं.
"मग सर, चेकरचा दोषच नाही का?"

घंटा झाली होती. मी खडू झटकला.

तिला एक सांगायचं राहिलं.
मल्लेशम खोटं बोलत नव्हता.
ती विडी त्याला खरोखरच ढिली दिसायची.
डोळाच तसा घडतो, हळूहळू, पोटाच्या बाजूनं;
ज्याला आपली चोरी दिसते त्याचा हात थरथरतो,
थरथरणारे हात पिढ्यान्‌पिढ्या मागं पडले,
न थरथरणारे आपले आजे-पणजे.
तो घरी जाऊन शांत झोपायचा. मुंग्यांना साखर टाकायचा.

दुसरंही राहिलं, ते मुद्दाम.
सख्ख्या भावंडांचं निम्मं रक्त एक,
म्हणून एक दुसऱ्यासाठी झिजतो, असं मी फळ्यावर मांडतो.
गणित सुटतं.
झिजायचं कुणी, ते कुठल्या ओळीत लिहायचं
हे पोरं विचारत नाहीत.

नागमणीला शिकायची आवडच नव्हती,
आमच्या घरात सगळे म्हणायचे.
मलाही तसंच आठवतं. अगदी स्पष्ट आठवतं.
चौथीतून काढली तेव्हा ती रडली नाही,
किंवा मी त्या वेळी पाढ्यात होतो.

परवा विडी घरकुलात गेलो.
अक्का टीव्हीसमोर, मांडीवर सूप,
नजर मालिकेत, बोटं आपली आपण चाललेली:
पान, तंबाखू, वळण, नखानं मुडप, धागा.
"किती झाल्या बघ की रे, तू शिकलेला," म्हणाली.
मी मोजायला घेतल्या.
मध्येच ती थांबली, म्हणाली,
"एकोणीस सत्ते एकशे तेहतीस. तू इथंच अडायचास.
मी आत बसून सांगायचे, तुला वाटायचं आपलंच आलं."
आणि हसली. खोकली. पुन्हा वळायला लागली.

मी मोजत राहिलो.
दोनशे अकरा, दोनशे बारा.
दोनशे तेरावी अंगठ्याखाली आली
आणि अंगठ्यानं, मला न विचारता,
हलकेच दाबून बघितली.

ढिली होती.
मला तरी तशी वाटली.