चाळीस खुर्च्या

खुर्च्या चाळीस सांगितल्या होत्या,
डेकोरेटरनं एकेचाळीस आणल्या.
"असू दे मास्तर, एक आपल्याकडनं."

उद्यमनगरात, महासंघाचा पत्र्याचा हॉल,
शेजारचं लेथ मशीन रविवारीही चालू.
फळ्यावर मी लिहिलं,
सभासदांचे हक्क व कर्तव्ये.
कर्तव्ये लिहिताना खडू मोडला.

साडेदहाचा वर्ग. अकराला माणसं सात.
त्यात दोन चेअरमन, एकाच गल्लीतले, एकमेकांशी न बोलणारे,
एक वॉचमन, सेक्रेटरीनं नुसती सही करायला धाडलेला,
आणि इंगवले, जे प्रत्येक वर्गाला येतात
आणि प्रत्येक वर्गात पार्किंगवर येतात.

बाकीचे कुठं? आज मॅच आहे.
अख्ख्या जिल्ह्याचं सभासद-शिक्षण
स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून
शिट्ट्या मारतंय.

वीस वर्षं मी हेच शिकवतोय:
वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी,
गणपूर्ती नसेल तर अर्धा तास थांबायचं,
आणि अर्ध्या तासानं, आलेत तेवढ्यांत,
सगळ्यांच्या घराचं ठरवायचं.
हे वाक्य म्हणताना दर वेळी वाटतं,
कुणीतरी मला थांबवावं.

मागच्या रांगेतून हात वर आला.
नेजदारबाई. दुधाळीच्या, पहिला मजला.
"सिंकिंग फंड म्हंजे काय ओ सर?
बुडालेला पैसा?"

दोन्ही चेअरमन एकदम हसले,
तीन वर्षांत पहिल्यांदा मिळून.
मीही हसलो असतो.
पण त्या हसल्या नव्हत्या.

"महापुरात विचारलं होतं मी.
बंधाऱ्यावर किती फूट, ते रेडिओ सांगत होता,
मीटरच्या खोलीत ते माझ्या गळ्याइतकं होतं.
फंडात किती हाईत म्हटलं,
तर म्हणाले, वहिनी, सर्टिफिकेटवर मालकांचं नाव हाय,
त्यांना पाठवा.
मालक तापानं फणफणलेले, दोन गोधड्या अंगावर.
पाण्याची मोटर मीच सोडवली,
एक बाजू वॉचमनच्या पोरानं धरली.
पाण्यानं न्हाई इचारलं कुणाच्या नावावर काय."

लेथ थांबलं होतं. किंवा मला ऐकू येईना.

उत्तर पुस्तकात होतं.
सहयोगी सभासद, अमुक नमुना, तमुक फी.
पान काढून मी वाचायला लागलो
आणि माझाच आवाज मला
बँकेच्या खिडकीतून आल्यासारखा वाटला.

पुस्तक मिटलं. फळा पुसला.
तुमच्या इमारतीत फ्लॅट किती?
"सोळा."
सोळा चौकोन काढले, खाली एक टाकी.
म्हटलं, दर महिन्याला प्रत्येक चौकोनातून एक एक तांब्या...
"टाकीचं झाकण कुणाच्या हातात?"

हा धडा माझ्या टिपणांत नव्हता.

वॉचमन दोन रांगा पुढं सरकला.
सहीचा कागद त्यानं घडी करून खिशात घातला.
"आमी आंबेवाडीचं, सर.
आमास्नी फूट कळत्यात. फुटात सांगा."
मग टाकीला फुटपट्टी काढली:
इथं इशारा, इथं धोका,
लिफ्टची दोरी या रेघेला बदलायची,
आणि या रेघेखाली पाणी गेलं
तर रजिस्टर मागायचं. कुणीही मागायचं.
"मी बी?"
तुला उत्तर देताना अडखळलो, दादा.
उपविधीत तू नाहीस.
पण विचारायला काय, भिंतीलाही विचारता येतं.

एका चेअरमननं दुसऱ्याला पेन दिलं.
इतकंच. मी काही वाढवून सांगत नाही.

दुपारी डेकोरेटर मोजायला आला.
"चाळीस. एक कमी भरती."
ती बाहेर होती, कडुलिंबाच्या सावलीत.
नेजदारबाई तिच्यावर बसून, पर्स मांडीवर आडवी धरून,
अर्ज भरत होत्या.
पहिल्याच रकान्याशी पेन थांबलेलं.
"माझं लिवू? अख्खं?"
अख्खं, मी म्हटलं.

आत इंगवले एकटेच राहिले होते,
रिकाम्या खुर्च्यांना
पार्किंगचं समजावत.