दात पडण्याआधी

आमच्या शाळेत अक्षरं दातांच्या मागून येतात.
दुधाचा एक तरी दात पडल्याशिवाय
मुलाला वाचायला शिकवायचं नाही.
तोवर मेण मळायचं, लोकर पिंजायची,
राईच्या पिठात कोपरापर्यंत हात घालायचे,
बर्चच्या सालीखाली कोण राहतं ते बघायचं.

दर ऑगस्टमध्ये मी हे पालकांना समजावते.
म्हणते, देह आधी स्वतःला घडवतो,
हाडं झाली, दात झाले, की उरलेलं बळ
विचाराच्या स्वाधीन करतो.
म्हणते, मूल कोरी पाटी नव्हे,
ते कुठून तरी लिहून आलेलं असतं,
आपण फक्त धुळीवर फुंकर घालायची.
पालक मान डोलावतात.
मीही डोलावते. बावीस वर्षं झाली.

हे नुसतं बोलणं नाही. त्याआधी मी
शहरातल्या शाळेत घड्याळ लावून वाचन घ्यायचे,
मिनिटाला शब्द किती.
कायडो नावाचा मुलगा माझ्या तासाआधी
कोटांच्या खोलीत जाऊन ओकायचा.
त्याच्या तीस शब्दांचे मी चाळीस करून दाखवले.
मला बक्षीस मिळालं.

उकु सहा वर्षांचा. वीसच्या वीस दात घट्ट.
आजोबा आर्वेद त्याला घसरगाडीवरून आणतात,
दारातच टोपी काढतात, आत येत नाहीत.

नाताळाच्या चार आठवडे आधी,
एस्टोनियात दुपारी साडेतीनलाच रात्र होते तेव्हा,
आम्ही फरच्या फांद्यांचं चक्र मांडतो,
शंखासारखं आत आत वळत जाणारं.
दिवे मालवतो. एकेक मूल
सफरचंदात खोचलेली मेणबत्ती घेऊन मध्यापर्यंत जातं,
तिथल्या ज्योतीवर ती पेटवतं,
परतताना वाटेत कुठंही ठेवून देतं.
बोलायचं नाही.
बोललं की विटाळतं, अशी आमची समजूत.

लेलो जाऊन आली. मग उकु.
पेटवून वळला, अर्ध्यावर थांबला, वाकला.
मला वाटलं, हातावर मेण सांडलं.

फांद्यांचा चीक जमिनीला लागू नये म्हणून
हेल्युनं खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती.
त्यानं ज्योत खाली नेली
आणि खणखणीत वाचलं:
"हरवली आहे. करडी मांजर.
डाव्या कानाला चीर. हाक मारल्यास येत नाही."

कुणी हसलं नाही.
अंधारातून लेलोनं विचारलं, "सापडली?"
मग सगळीच. "बाई, सापडली का?"
चौदा तोंडं माझ्याकडे वळलेली,
काहींत खिंडार पडलेलं, काहींत नाही.
माझ्यापाशी देहाचं उत्तर होतं, आत्म्याचं होतं.
मांजरीचं नव्हतं.
"मला माहीत नाही," मी म्हणाले.

उकुनं सफरचंद त्या जाहिरातीशेजारीच ठेवलं,
तिला दिसावं म्हणून.
त्याच्यामागून जो जो गेला त्यानंही तिथंच.
चक्र एका अंगाला उजळून कलंडल्यासारखं,
बाकी सगळा काळोख.

आर्वेदना दारात गाठलं. जाब विचारणारच होते.
टोपी हातात फिरवत म्हणाले,
"मी खिळे जुळवायचो. छापखाना मोडला
तेव्हा एक पेटी घरी आणली.
हा त्यांच्याशी खेळतो. शिकवलं नाही, बाई.
आणि आधी तर तो उलटंच वाचायचा.
सुलटं कसं जमलं, मलाही ठाऊक नाही."

हेल्यु म्हणाली, पेपर चार वर्षांपूर्वीचा.
जाहिरातीखाली फोन नंबर होता,
चिकानं चिकटलेला, पण शाबूत.
सोमवारी मी उकुला खुर्चीवर उभं केलं.
आकडे त्यानं वाचले, बटणं लेलोनं दाबली.

पलीकडे घंटी वाजत राहिली.
रिसीव्हरभोवती चौदा डोकी, लोकरीचा वास.
कुणीही
काही बोललं नाही.