तळघरातला बेस

डेटन, ओहायो. फेब्रुवारी.
तळघरात कपडे धुण्याचं यंत्र, रंगाचे वाळलेले डबे
आणि कुणाच्या तरी गॅरेजमधून चाळीस डॉलरला आणलेली
माझी बेस गिटार. तिची एक खुंटी फिरता फिरत नाही.
दिवसा मी शहराचं पाणी तपासतो :
क्लोरीन, शिसं, गढूळपणा.
रात्री नऊनंतर मी वादक,
म्हणजे लेक झोपली की.

खोकं आणून दिलं शेजारच्या व्हर्नेल टब्ज यांनी.
"मला आता वरचे सूर ऐकू येत नाहीत," म्हणाले, "तू घे."
बहात्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर सालच्या तबकड्या.
कव्हरांवर चकाकते कोट, गुडघ्यापर्यंत बूट,
एकावर चहाच्या कपाचा गोल डाग.
सुई टेकली. आधी नुसती खरखर,
मग ड्रम, मग बेस,
आणि मला हसू आलं, मोठ्यानं, एकट्याला.

बेस काही सांगतच नव्हता.
एक सूर. थांबला.
परत तोच, जरा उशिरा,
निघतो निघतो म्हणत
दारात चपला शोधत राहिलेल्या पाहुण्यासारखा.

बार्शीला तीन वर्षं तबला शिकलो, मग सुटला.
घळसासी सर मांडीवर थाप मारून सम दाखवायचे.
"कुठंही भटक, पण समेवर घरी ये."
सोळा मात्रांचा लांब रस्ता आणि शेवटी उंबरा.
इथे उंबरा चार पावलांवर.
ही माणसं घरी येतच नाहीत,
घरातून निघत राहतात,
पुन्हा पुन्हा पहिल्या मात्रेवर दार आपटून.
सर, तुम्हाला हे चाललं असतं का?
बहुतेक नसतं.
मांडी मात्र हलली असती.

मध्येच पितळी वाद्यं आली, चौघं एका फटक्यात,
आणि चक्क गफूरभाईंचा लग्नातला बँड आठवला.
त्यांचा क्लॅरिनेट कायम थोडा चढा,
घोड्यालासुद्धा त्याची सवय झालेली.
हे चढे नव्हते. विळीवर काकडी ठेवावी
तसे आले, कापून गेले.

मी वाजवून पाहिलं. सगळे सूर बरोबर आले.
तिथंच चुकलं.
जिथे जिथे जागा दिसली तिथे मी वाढत गेलो,
नको नको म्हणणाऱ्याच्या पानात
आणखी एक पोळी टाकावी तसा.

रविवारी टब्ज कठडा धरून, आडवे होत, खाली उतरले.
एकतीस वर्षं ब्रेक बनवायच्या कारखान्यात होते.
कारखान्याच्या जागी आता गवत आहे.
स्पीकरवर तळहात ठेवून उभे राहिले,
ताप बघावा तसे.
"कमी," म्हणाले.
मी कमी केलं.
"अजून."
उरला एक सूर
आणि तार दाबून मारलेले दोन मुके ठोके,
ज्यांना सा म्हणता येत नाही, रे म्हणता येत नाही.
तेवढ्यात यंत्र पिळायच्या फेरीत शिरलं,
एका पायानं लंगडत, धडधडत.
टब्ज यांनी मान तिकडे वळवली.
"त्याच्याबरोबर वाजव.
ते तुझ्यापेक्षा बरं वाजवतंय."

वाजवलं. चादरी पिळून होईस्तोवर.
अंगठ्याला फोड आला.
टब्ज काही बोलले नाहीत,
फक्त तळहात काढायला विसरले.

सोमवारी प्रयोगशाळा.
गढूळपणा मोजण्याआधी नमुन्यातले बुडबुडे
वर येऊ द्यावे लागतात. दोन-तीन मिनिटं.
एरवी त्या वेळात मी फोन बघतो.
आज काहीच केलं नाही, नुसता उभा होतो.
उभा नव्हतास, असं
पलीकडच्या टेबलावरची डोरीन म्हणते.