शून्य-त्रुटी

व्हर्नियरचे जबडे मिटले,
तरी शून्यासमोर शून्य येईना.
खांडेकर मॅडम म्हणाल्या, मोडलेलं नाही गं ते.
किती चुकतंय तेवढं लक्षात ठेव,
दर वेळी वजा कर.

दौलतगंजातल्या आमच्या दुकानात
बाबांच्या गळ्यातल्या टेपचा पहिला इंच
माझ्या जन्माआधीच झिजून गेलेला.
ते एकपासून मोजत, मनात एक उणा करत,
आणि अख्ख्या ग्वाल्हेरच्या अंगाला कपडा चपखल बसे.

बक्षिसाच्या पैशांतून मी नवी टेप आणली.
पूर्ण. शून्यापासूनची.
हात मात्र सवयीचे:
महिनाभर प्रत्येक पोलकं
इंचभर तंग.

शेवटी द्वारकामावशी भांडायला आल्या,
श्वास रोखून.

बाबांनी नव्या टेपनं
चिंध्यांचं गाठोडं बांधलं,
जुनी खुंटीवरून काढली.